टेस्टर काकांचं नाक

आमच्या इमारतीतून सकाळी क्लासला जाणाऱ्या प्रत्येक पोराला पाण्याची बाटली उघडून दाखवावी लागते. वॉचमनला नव्हे, वॉचमन आमच्याकडे नाहीच. दाखवायची ती पहिल्या मजल्यावरच्या भिंगारदिवे काकांना. काका पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले असतात. पोरगं जिना उतरलं की ते हात आडवा करतात आणि म्हणतात, "झाकन काढ." मग बाटलीच्या तोंडाशी नाक नेतात, डोळे मिटतात, एक लांब श्वास घेतात आणि निकाल देतात. "पास." नाहीतर "रिजेक्ट."

रिजेक्ट याचा अर्थ बाटलीत कॉफी आहे. मग ती बाटली तिथल्या तिथे सोसायटीच्या जास्वंदीच्या मुळाशी रिकामी होते, नळाचं पाणी भरून परत मिळते आणि पोरगं क्लासला जातं.

आम्ही तीन वर्षांपूर्वी सावेडीत राहायला आलो, त्या पहिल्याच सकाळी त्यांनी माझ्या मुलीची, सानिकाची, बाटली हुंगली. मी म्हटलं, हे काय चाललंय? काका उठून उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "सलाम बाई. मी शामुवेल भिंगारदिवे. टेस्टर." जणू एवढ्यानं सगळा खुलासा झाला.

खुलासा नंतर हप्त्याहप्त्यानं झाला. राहुरीकडच्या एका दूध संकलन केंद्रावर काका तीस वर्षं टेस्टर होते. पहाटे गावोगावचे दुधाचे कॅन यायचे आणि काका एकेका कॅनचं झाकण उचलून वास घ्यायचे. दूध चांगलं तर कॅन आत, नासायला लागलेलं तर बाहेर. मोजायची यंत्रं पुढं होतीच, पण त्यांची पाळी नाकानंतर. "मशीनला फॅट कळतं," काका म्हणायचे, "दूध कुनाच्या गोठ्यातलं आन् कवा काढलेलं, ते मशीनला न्हाई कळत." एक नासका कॅन आत गेला तर आख्खा टँकर वाया जातो, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की परवा शाळेच्या स्टाफ मीटिंगमध्ये ते माझ्याच तोंडून बाहेर पडलं.

मी दमलेली बाई आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझ्याकडून फार अपेक्षा नकोत. राळेगणच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. स्कूटरनं स्टँड, स्टँडवरून एसटी, एसटीतून उतरून चालत शाळा आणि संध्याकाळी हेच सगळं उलट. नवरा साखर कारखान्यात, हंगाम सुरू असला की फक्त रविवारी दिसतो, तोही झोपलेला. सानिका बारावीला. डॉक्टर व्हायचंय तिला. अशा घरात आई संध्याकाळी सातला पोचते तेव्हा तिला मुलीशी बोलायचं असतं, पण त्याआधी पाच मिनिटं पाठ टेकायची असते, आणि त्या पाच मिनिटांतच दिवस संपतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक क्लास आहे आणि क्लासच्या शेजारी कॉफीचं दुकान. कोण कोणाच्या जिवावर चालतं हे मला अजून कळलेलं नाही. आमच्या वेळी दहावी-बारावीची पोरं चहा प्यायची, तोही बशीत. आताची पोरं हातभर ग्लासात कोल्ड कॉफी घेऊन बसतात आणि ती संपली की चमकणाऱ्या डब्यातलं ते झोप उडवायचं पेय. सोळा-सतरा वर्षांची पोरं. डोळ्यांखाली काळं, सकाळी पोटात मळमळ, साध्या प्रश्नाला वसकन अंगावर येणार. एक दिवस कॉफी चुकली तर डोकं धरून बसणार. आईबाप म्हणतात, अभ्यासाचा ताण आहे. मीही तेच म्हणायची.

काकांचं म्हणणं वेगळं होतं. "बाई, दूध तापवलं की वर येतं का न्हाई?"

"येतं."

"मग ते वाढलं का?"

"नाही."

"उतू चाललेलं आस्तंय ते. पोराला वाटतं आपली ताकद वाढली. ताकद न्हाई वाढली, खालचा जाळ वाढलाय."

तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या हेडमास्तरांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, हे पाठ्यपुस्तकात घालायला हवं.

एकदा मी विचारलं, "काका, मी दिवसाला चार कप चहा पिते. माझी बाटली का नाही हुंगत?"

काकांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मोठा कॅन हाय तुमचा. भरून, हिंदकळून, पोचे पडून बसलेला. ल्हान कॅन तापायला येळ लागत न्हाई." हा माझा अपमान होता की कौतुक, हे ठरवायला मला वेळ नव्हता. शाळेला नेणारी पारनेरची गाडी गाठायची होती.

पोरं त्यांना टेस्टर काका म्हणत आणि आपापल्या परीनं छळत. दुसऱ्या मजल्यावरच्या यशनं त्यांना अडचणीत आणणारा मुद्दा काढला होता. रिजेक्ट झालेली सगळी कॉफी ज्या जास्वंदीला मिळत होती, ती जास्वंद वर्षभरात पहिल्या मजल्याच्या गॅलरीला पोचली. बारमाही फुलायला लागली. यश म्हणाला, "काका, बघा, कॉफीनं झाड किती वाढलं. आम्ही प्यायलो तर काय बिघडलं?"

काकांनी झाडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "झाडाला झोप लागती का न्हाई, तू इचारलंस का त्याला?" आणि थोड्या वेळानं, "आन् झाडाला परीक्षा न्हाई."

गणपतीत सोसायटीनं त्यांना 'किशोरवयीन मुले आणि कॅफीन' या विषयावर बोलायला उभं केलं. काका चाळीस मिनिटं दुधावर बोलले. म्हशीचं, गाईचं, उन्हाळ्यातलं, पावसाळ्यातलं. शेवटी अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली तेव्हा म्हणाले, "तर पोरांनो, झोपा." आणि खाली बसले. इतकं नेमकं भाषण मी दुसरं ऐकलेलं नाही.

काका एकटेच राहत. बायको पुण्याला मुलाकडे गेली होती, सुनेच्या बाळंतपणाला, तीन महिन्यांसाठी. नातू आता शाळेत जातो. काकांना विचारलं तर म्हणत, "येनार हाय. नाताळाला येनार हाय." नाताळाला मुलगा, सून, बायको, नातू असे सगळे यायचे, दोन दिवस पहिल्या मजल्यावरून आवाज यायचे, तिसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये खुर्ची पुन्हा हजर.

हे सगळं गमतीनं सांगतेय, पण एक खरं कबूल करते. काका आहेत म्हणून मी निर्धास्त झाले होते. सानिका रोज सकाळी त्यांच्यासमोर बाटली उघडायची आणि रोज "पास" असा आवाज जिन्यातून वर यायचा. मी पोळ्या लाटता लाटता तो ऐकायची आणि मला वाटायचं, चला, एक काळजी मिटली. मुलीकडे लक्ष ठेवायचं माझं काम मी शेजाऱ्याच्या नाकावर सोपवलं होतं. ती ताटात भात टाकून उठते, तिची नखं कुरतडलेली असतात, हे दिसत होतं. पण पास म्हणाले ना काका.

डिसेंबरातली गोष्ट. मी चौथीच्या वर्गात भागाकार शिकवत होते आणि क्लासमधून फोन आला. सराव परीक्षा चालू असताना सानिकाला उलटी झाली, हातपाय थरथरतायत, छाती धडधडतेय, ती रडतेय, लगेच या. लगेच म्हणजे कसं? गाडी तासाभरानं होती. मी काकांना फोन केला. ते फक्त "जातो" म्हणाले.

त्या तासाभरात एसटीच्या खिडकीशी बसून मी काय काय विचार केले ते लिहीत नाही. ज्यांची पोरं या वयात आहेत त्यांना लिहायची गरज नाही.

दवाखान्यात पोचले तेव्हा सानिका कॉटवर पडली होती, ईसीजी काढून झाला होता. डॉक्टरीणबाई शांत होत्या. म्हणाल्या, हृदय चांगलं आहे, त्याला उगाच पळवू नका. रिकाम्या पोटी बाटलीभर काळी कॉफी, त्यावर कोल्ड कॉफी, रात्रीची झोप जेमतेम चार तास, वर परीक्षेची धास्ती. मोठ्या माणसालाही हे झेपत नाही, हिचं तर अंग अजून वाढतंय. एकदम बंद करू नका, डोकं दुखेल, हळूहळू कमी करा. दुपारनंतर नाही, उपाशीपोटी कधीच नाही. आणि झोप.

"बाटलीभर?" मी म्हटलं. "कुठली बाटली?"

बाहेर बाकावर काका बसले होते. त्यांच्या मांडीवर सानिकाची स्टीलची बाटली होती. झाकण उघडं. ते बाटली नाकाशी नेत होते, श्वास घेत होते, खाली ठेवत होते, पुन्हा नेत होते. मी तीन हात लांब उभी होते आणि मलासुद्धा कॉफीचा वास येत होता.

माझा तोल गेला. "काका, रोज वास घेता ना तुम्ही? रोज पास म्हणता. मग हे काय?"

काकांनी बाटलीचं झाकण लावलं, माझ्या हातात दिली आणि जिना उतरून गेले. दमलेल्या माणसाचा राग वाईट असतो. त्याला जवळचाच माणूस सापडतो, आणि खरा चुकलेला माणूस आरशात असतो.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये खुर्ची नव्हती. तिसऱ्या दिवशीही नाही. पोरं जिना उतरायची, सवयीनं क्षणभर थांबायची आणि जायची. यशनं तर बाटली अर्धवट उघडलीसुद्धा होती. मी सानिकाला घरी ठेवली होती, चार दिवस रजा टाकून. ती खूप झोपली. उठली की माझ्याशी बोलली. "आई, मला वाटलं मी मरतेय," ती म्हणाली, "आणि तरी मला पेपर राहिल्याचंच वाईट वाटत होतं." यावर कुठलं उत्तर द्यायचं ते डीएडला शिकवत नाहीत. मी तिच्या केसांना तेल लावत बसले.

चौथ्या दिवशी दुपारी डब्यात खिचडी घेऊन काकांकडे निघाले. माफी मागायची होती, आणि मोकळ्या हातानं माफी मागायची मला सवय नाही. जिन्यातच वास आला. दूध करपल्याचा. नुसतं लागलेलं नाही, तळ काळा होऊन धूर निघेपर्यंत करपलेलं. मी धावत जाऊन बेल दाबली. काकांनी दार उघडलं. आत निळसर धूर होता आणि काकांच्या हातात वर्तमानपत्र होतं.

"या बाई," ते म्हणाले. "बसा."

"काका, गॅस."

ते वळले, धूर पाहिला, आणि मग धावले. पाहिल्यावर धावले. मी दारातच उभी राहिले आणि मला एका झटक्यात सगळं कळलं.

पातेलं मोरीत ठेवून काका परत आले. माझ्याकडे न बघता खुर्चीत बसले. म्हणाले, "कोरोनात गेलं. दुसऱ्या लाटेत. समद्यांचं पंधरा दिवसांत परत आलं, माजं न्हाई आलं."

"चार वर्षं?"

"व्हय."

"आणि कोणाला सांगितलं नाहीत?"

"केंद्रावर गुडघ्याचं कारन दिलं आन् नोकरी सोडली. निवृत्तीला दोन वर्सं हुती. पर नाक न्हाई तर कॅन कसा पास करनार? एका कॅनपायी..." वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. मीही नाही.

"काकूंना?"

"तिला सांगितलं आस्तं तर मला पुन्याला न्यायला आले आस्ते. तिथं मी काय करनार? नातवाची बाटली?" ते जरासे हसले.

मी विचारलं, मग यशची कॉफी कशी ओळखली, तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीची कशी ओळखली. काका म्हणाले, वास घेताना आपण डोळे मिटतो असं पोरांना वाटतं. पुरते मिटत नाहीत. झाकण काढताना बोटं थरथरतात का ते दिसतं. जिन्यावर पाय कसे पडतात ते आधीच ऐकलेलं असतं. ज्याच्या बाटलीत काही आहे तो आपल्याकडे बघत नाही, जास्वंदीकडे बघतो. "सानिका न्हाई कळली," ते म्हणाले. "ती सरळ माज्याकडं बघायची. लई शांत पोर हाय. शांत दूध नासलेलं वरून दिसत न्हाई बाई, त्याला नाकच लागतं."

मग काही तरी आवरायचं म्हणून त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"केंद्र सोडलं मी इमानदारीनं. हितं मात्र खुर्ची सुटली न्हाई. खरं सांगू का, पोरं थांबायची ओ. अर्धा मिनिट. 'काका, बघा' म्हनायची. मग दिवसभर कोन न्हाई थांबत. त्या अर्ध्या मिनिटापायी तुमच्या पोरीचा जीव मी..."

मला त्यांना सांगायचं होतं की तिचा जीव तुमच्या नाकावर नव्हता टांगलेला, मी घरात होते, मला नाक होतं, डोळे होते, मी तिची बाटली एकदाही उघडून पाहिली नाही. हे सगळं मी सांगितलं, पण रडत सांगितल्यामुळे त्यातलं किती कळलं ठाऊक नाही. खिचडी तशीच राहिली.

घरी येऊन सानिकाला सांगितलं. ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"दिवाळीच्या सुट्टीत एकदा चुकून कॉफीचीच बाटली घेऊन खाली गेले. काय सांगायचं ते मनात ठरवत होते, तर काका पास म्हणाले. मला वाटलं सर्दी असेल. दुसऱ्या दिवशी मुद्दाम नेली. मग कळलं." तिचे कान लाल झाले होते. "मी त्याचा फायदा घेतला, आई."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू सोसायटीत सांगितलं असतंस. मग त्यांनी खुर्ची काढली असती."

खुर्ची शेवटी निघालीच होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टँडवर जायला उतरले तेव्हा सानिका पहिल्या मजल्यावर काकांच्या दारात उभी होती आणि त्यांची प्लास्टिकची खुर्ची तिनं दोन्ही हातांनी उचलून धरली होती. काका मागून "आगं, राहू दे" म्हणत येत होते. त्यांच्या एका हातात झाकण घातलेलं पातेलं होतं. ते का आहे, हे त्यांनाही ठाऊक नसावं. नंतर कळलं, पोरगी दारातून थेट आत शिरली होती आणि म्हणाली होती, सकाळचं दूध घेऊन खाली या, म्हणून ते घेऊन आले होते.

खुर्ची स्कूटरशेजारी ठेवली गेली. काका बसले. सानिकानं बाटली उघडून पुढं केली. "पाणी आहे," ती म्हणाली. "पोहे खाऊन अर्धा कप कॉफी घेतलीय. दूध घालून. आज आणखी नाही घेणार."

काकांनी बाटली घेतली नाही. तिच्याकडे पाहत राहिले, डोळे पूर्ण उघडे ठेवून. मग म्हणाले, "पास."

"आता तुमचं," सानिका म्हणाली आणि त्यांच्या मांडीवरच्या पातेल्याचं झाकण उचललं. काका कॅनचं उचलत असतील तसंच, एका बाजूनं, हळूच. वाकली. श्वास घेतला आणि नाक मुरडलं. "रिजेक्ट, काका."

"नक्की?"

"नक्की."

"वास कसा येतोय, सांग."

तिनं पुन्हा नाक खाली नेलं. "आंबट. पण दह्यासारखा नाही. ओल्या फडक्यासारखा."

काकांनी डोळे मिटले, या वेळी खरेच मिटले, आणि ऐकत राहिले. "मग तीन-चार दिसांचं हाय ते," ते म्हणाले. "फ्रिजमधलं जुनं काढलं मी. कळलंच न्हाई." चार वर्षं हा माणूस रोज सकाळी काय पीत असेल, हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो बाजूला सारला, कारण मला तिथं उभं राहून रडायचं नव्हतं.

काका उठले आणि पातेलं जास्वंदीच्या मुळाशी रिकामं केलं. यश जिना उतरत होता. त्यानं थांबून बाटलीचं झाकण काढलं. काकांनी सानिकाकडे पाहिलं, सानिकानं त्यांच्याकडे, आणि दोघंही त्या बाटलीवर वाकले.

माझी पारनेरची गाडी त्या दिवशी चुकली. पुढची तासाभरानं होती, म्हणून वर जाऊन काकांसाठी ताजं दूध तापवत ठेवलं.